मणक्याचा टीबी : गोळ्या वर्षाच्या, राखण वाढ संपेपर्यंतची

गेल्या महिन्यात शेवटचा डोस झाला. ठरले होते ३६५ दिवस, झाले ३७९. मधे चौदा दिवस यकृतापायी गोळ्या थांबवाव्या लागल्या आणि ते दिवस शेवटी जोडून घेतले. हे सुरू झालं तेव्हा आमचं मूल साडेतीन वर्षांचं होतं, आता पाचव्या वर्षात आहे आणि चालतं. छातीच्या टीबीबद्दल विचारलं तर चार जण चार गोष्टी सांगतात. लहान मुलाच्या मणक्याच्या टीबीबद्दल, त्यातून मज्जारज्जूवर दाब आला असेल तर, सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून क्रमाने लिहून ठेवतोय. घरच्या कहाणीपेक्षा प्रक्रियेबद्दलच जास्त आहे.

निदानाआधीचे आठ आठवडे

तीन वर्षांचं मूल ‘पाठ दुखते’ असं म्हणत नाही. काखेत हात घालून उचललं की रडतं. खाली पडलेलं खेळणं उचलायला कमरेत वाकत नाही, पाठ ताठ ठेवून उकिडवं बसतं. उभं असताना हात मांड्यांवर टेकवून धड तोलतं. आणि रात्री झोपेतून किंचाळून उठतं. याचं कारण असं, की जागेपणी पाठीचे स्नायू आखडून दुखरा भाग जखडून ठेवतात. गाढ झोपेत ते सैल पडले की मणके हलतात, कळ येते, मूल उठतं, स्नायू पुन्हा आखडतात आणि दोन मिनिटांत सगळं शांत. आपल्याला वाटतं, स्वप्न पडलं असेल.

आम्ही सात आठवडे ‘वाढीच्या वेदना’ या उत्तरावर काढले. वाढीच्या वेदना पायांत असतात, बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतात आणि सकाळी मूल उड्या मारत असतं. सकाळीही ताठरलेली पाठ त्यात बसत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाची पाठ काही आठवडे दुखत असेल तर कारण सापडेपर्यंत शोधायचं, हे आता कुणालाही ठामपणे सांगू. ताप जेमतेम होता, खोकला अजिबात नव्हता. खोकला नाही म्हणजे टीबी नाही, ही समजूत इथे घात करते. जंतू फुप्फुसातून रक्तावाटे मणक्यात जातात आणि तोवर छाती स्वच्छही दिसू शकते. बीसीजीची लस झालेली होती. ती मेंदूज्वरासारख्या गंभीर टीबीपासून बऱ्यापैकी वाचवते, पण मणक्याची हमी देत नाही.

आठव्या आठवड्यात मूल अडखळायला लागलं. पायात ताकद होती, पण पाऊल नीट उचललं जात नव्हतं. दोन्ही बुटांची टोकं पुढून घासून पांढरी पडली होती. ते आमच्या लक्षात आलं नव्हतं, तपासताना डॉक्टरांनी बूट हातात घेऊन दाखवलं.

पहिला दिवस

अस्थिरोगतज्ज्ञांनी आधी पाठीवरून बोटं वरून खाली फिरवली. पाठीच्या मध्यावर एका मणक्याचं टोक बोटाला लागत होतं. बाहेरून बघून ते कुबड वाटलंही नसतं. मग गुडघा किंचित वाकवून पाऊल झटक्यात वर ढकललं आणि तसंच धरून ठेवलं. पाऊल त्यांच्या हातात थडथड उडायला लागलं, सहा, सात, आठ ठोके. याला क्लोनस म्हणतात. मज्जारज्जूवर दाब असल्याची ही फार लवकरची खूण आहे. त्या टप्प्यावर मूल चालत असतं आणि घरच्यांना काही कळलेलं नसतं. तळव्यावर बोथट टोक ओढल्यावर अंगठा वर गेला. हे दोनेक वर्षांपर्यंतच्या बाळात असू शकतं, साडेतीन वर्षांच्या मुलात नसावं.

केसपेपरवर ‘पॉट्स स्पाइन’ लिहून आलं. हा वेगळा आजार नाही. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ मध्ये पाठीचं कुबड आणि पायांतली गेलेली ताकद यांचा संबंध लिहून ठेवला, त्याचं नाव चिकटलं. टीबीचा जंतू सापडला तो त्यानंतर शंभरएक वर्षांनी, १८८२ मध्ये.

एक्स-रे त्याच दिवशी निघाला. त्यात दोन मणक्यांमधली फट अरुंद झालेली दिसली. पण एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय त्यात काही दिसत नाही.

एमआरआय आणि सुईची तपासणी

एमआरआय चौथ्या दिवशी झाला. या वयाचं मूल पाऊणएक तास निश्चल पडून राहत नाही, म्हणून भूल लागते, आणि भूल म्हणजे उपाशी ठेवणं: जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. नक्की वेळा भूलतज्ज्ञ सांगतील त्या पाळा. पहाटे उठवून शेवटचं दूध पाजणं जमत असेल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या. दुपारची वेळ म्हणजे भुकेलं, चिडलेलं मूल. नाक वाहत असेल तर आदल्या दिवशीच कळवा, नाहीतर टेबलापाशी गेल्यावर भूल रद्द होते.

फॉर्मवर ‘संपूर्ण मणका, कॉन्ट्रास्टसह’ (म्हणजे आजारी भाग उठून दिसावा म्हणून शिरेतून औषध टोचून) असं लिहिलंय का ते बघा. फक्त दुखऱ्या भागाचा एमआरआय स्वस्त पडतो, पण टीबी मधले मणके सोडून दुसरीकडेही बसलेला असू शकतो. तो नंतर सापडला तर सगळं, भुलीसकट, पुन्हा.

आमच्या रिपोर्टात डी-८ आणि डी-९ हे (छातीमागचे आठवा आणि नववा) दोन मणके, त्यांच्या मधली चकती, दोन्ही बाजूंना पू आणि मागच्या बाजूला कण्याच्या नळीत शिरून मज्जारज्जूला दाबणारा पुवाचा पदर. पाठीच्या मधल्या भागात ही नळी मुळात अरुंद असते, त्यामुळे थोडा पूही पुरतो. या पुवाला थंड गळू म्हणतात, कारण वरची कातडी लाल होत नाही की तापत नाही. पू स्नायूंच्या आवरणातून वाट काढत दूरही जातो. मानेच्या मणक्यांतला असेल तर घशामागे येऊन गिळायला, श्वास घ्यायला त्रास. कमरेतला असेल तर मांडीच्या मुळाशी उतरतो, मूल एक पाय वाकवून लंगडतं आणि सगळे खुब्याचा एक्स-रे काढत बसतात.

एमआरआयने टीबीचा दाट संशय येतो, पुरावा मिळत नाही. साध्या जंतूंचा संसर्ग, रक्ताचा किंवा मज्जातंतूंच्या पेशींचा कर्करोग, लँगरहान्स पेशींचा आजार, सगळे लहान मुलाच्या मणक्यात असे दिसू शकतात. म्हणून सुई घालून तुकडा काढायचा. नवव्या दिवशी सीटी मशीनवर, पुन्हा भूल देऊन तो काढला.

या दिवशी एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. ट्रेमध्ये बाटल्या दोन प्रकारच्या असतात. एकीत फॉर्मलिन, ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या तुकड्यासाठी. दुसरीत साधं सलाइन, ती सीबीनॅट (जंतूची जनुकं ओळखणारी मशीनवरची चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) यांसाठी. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला तर जंतू मरतात, कल्चर कायमचं हुकतं, आणि औषधाला दाद न देणारा टीबी आहे की नाही हे कळायचा रस्ता जवळपास बंद होतो. तुकडा पुन्हा काढायचा तर पुन्हा भूल. ‘सलाइनची बाटली वेगळी आहे ना?’ असं तपासणीच्या आधी विचारा. विचारल्याचा कुणाला राग येत नाही, आला तर येऊ द्या. फॉर्म दोन, लॅब बहुधा दोन, आणि दोन्हींवर मुलाचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. आमच्या एका फॉर्मवर आडनावातलं एक अक्षर वेगळं होतं, त्यात एक दिवस गेला.

सीबीनॅटचं मशीन दोनेक तासांत उत्तर देतं, हातात कागद यायला दोन दिवस लागले: टीबी आहे, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणारा आहे. तो निगेटिव्ह आला असता तरी टीबी नाही असं ठरलं नसतं. हाडाच्या टीबीत जंतू मुळात थोडे असतात, त्यामुळे तुकड्यातली गाठींची रचना, एमआरआय, घरातला रुग्ण हे सगळं जुळवून डॉक्टर निर्णय घेतात. कल्चरचं उत्तर सहाव्या आठवड्यात आलं. कातडीत टोचून घ्यायची मांटू चाचणी ४८ ते ७२ तासांत वाचून घ्यावी लागते, त्या वेळेत सुट्टी येत नाही ना ते टोचण्याआधी बघा. कुपोषित मुलात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. एचआयव्हीची तपासणीही सांगितली जाते. ती टीबीच्या प्रत्येक रुग्णाला सांगतात, त्यात संशय नसतो.

टीबीच्या सरकारी कार्यक्रमात नोंदणी झाली आणि घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. छोट्या मुलाला टीबी झाला याचा अर्थ जवळच्या कुण्या मोठ्या माणसाकडून तो नुकताच आला आहे. आमच्याकडे निघाला तो घरात सगळ्यांत कमी खोकणारा माणूस. दुसरं पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर त्याला आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध सुरू होतं, ते टाळू नका. उलट आजारी मुलापासून इतरांना धोका जवळजवळ नसतो, कारण जंतू हाडात कोंडलेले असतात. बालवाडीसाठी तसं पत्र डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा, मागायची वेळ येतेच.

गोळ्या

बाराव्या दिवशी पहिला डोस. पहिले दोन महिने चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्बुटॉल. पुढचे दहा महिने पहिली दोन. फुप्फुसाच्या टीबीला सहा महिने पुरतात म्हणून ‘तुम्हालाच बारा का?’ असं विचारणारे भेटतील. हाडांच्या टीबीसाठी जागतिक आरोग्य संघटना मुलांना १२ महिनेच सांगते.

मुलांची विरघळणारी गोळी येते. एका गोळीत ५० मिलिग्रॅम आयसोनियाझिड, ७५ रिफाम्पिसिन, १५० पायराझिनामाइड. इथॅम्बुटॉल १०० मिलिग्रॅमची वेगळी. किती गोळ्या ते वजनावर ठरतं: ४ ते ७ किलोला एक, ८ ते ११ ला दोन, १२ ते १५ ला तीन, १६ ते २४ ला चार. आमचं वजन १३.४, म्हणजे तीन.

रोजचा विधी असा. पेल्यात ५० मिलिलिटर पाणी, त्यात गोळ्या टाकायच्या, हलवायचं, विरघळल्या की दहा मिनिटांच्या आत पाजायचं. आम्ही पहिल्या आठवड्यात गोळ्या विरघळवून मग मुलाला उठवायचो आणि मनधरणीत वीस मिनिटं जायची. क्रम उलटा केला. मूल उठून बसलं की मग पाणी. पेल्याच्या तळाला नारिंगी गाळ उरतो, त्यातही औषध असतं, त्यामुळे घोटभर पाणी घालून खळबळून तेही पाजायचं. पोट रिकामं हवं, खाण्याच्या तासभर आधी. उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा की नाही, आणि किती मिनिटांच्या आत झाली तर, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून लिहून घ्या. रात्री दहाला फोन लागत नाही. लघवी केशरी होते, अश्रूही. घाबरू नका, उलट ती केशरी दिसली की औषध पोटात गेल्याचं कळतं.

फिट्सचं किंवा दुसरं रोजचं औषध चालू असेल तर आधी सांगा, रिफाम्पिसिनमुळे बऱ्याच औषधांचा जोर कमी होतो. इथॅम्बुटॉलने क्वचित नजरेवर, त्यातही लाल-हिरव्या रंगांच्या ओळखीवर परिणाम होतो. एवढंसं मूल ते सांगणार नाही. आम्ही दोन महिने रोज लाल आणि हिरवे मणी वेगळे करायला द्यायचो.

यकृताचं प्रकरण चौथ्या महिन्यात झालं. दोन दिवस अन्नावरची वासना गेली, तिसऱ्या दिवशी उलट्या. डोळे पिवळे नव्हते. तरी त्या सकाळचा डोस न देता रक्त तपासलं. लक्षणं असताना यकृताची एन्झाइम्स सामान्य मर्यादेच्या तिप्पट, किंवा लक्षणं नसताना पाचपट झाली तर औषधं थांबवतात. आमची तिपटीच्या वर होती. सगळं बंद, मग आकडे उतरल्यावर आधी रिफाम्पिसिन, काही दिवसांनी आयसोनियाझिड, मधे रक्ततपासणी. आपल्या मनाने थांबवणं आणि आपल्या मनाने पुन्हा सुरू करणं, दोन्ही नको. पण ‘भूक गेली आणि उलटी’ हे पोट बिघडल्याचं म्हणून दोन दिवस सोडून देण्यासारखं नाही, एवढं नक्की.

झोपवून ठेवण्याचे दिवस

गोळ्या सुरू झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत मूल घट्ट गादीवर आडवं. कूस बदलायची ती ओंडका लोळवल्यासारखी, खांदे, कंबर आणि गुडघे एकदम, दोन माणसांनी. एकटं असताना लागलंच तर चादरीसकट वळवायचं. काखेत धरून उचलणं कायमचं बंद. एक हात मानेखांद्याखाली, एक कुल्ल्यांखाली.

मज्जारज्जूवर दाब असताना डॉक्टर आठवड्यातून एकदा बघतात, घरचे रोज बघतात. आम्ही वही केली होती. दोन्ही पायांची बोटं हलतात का, तळव्याने आमचा हात किती जोराने ढकलतं, लघवी किती वेळा आणि धारेने होते की थेंबथेंब. रोज त्याच वेळी, त्याच माणसाने बघायचं, नाहीतर एकाचं ‘बरं’ दुसऱ्याचं ‘जरा कमी’ होतं. लघवी सांगणारं मूल अचानक कपडे ओले करू लागलं तर शिस्त लावायला जाऊ नका. मूत्राशय तुंबून थेंब गळत असतात. हे असं गळणं, किंवा एका दिवसात पायांतली हालचाल कमी होणं, म्हणजे थेट रुग्णालय, रात्र असली तरी. काही मुलांना ठरावीक तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. ते घरी शिकता येतं, पहिल्या चार वेळा हात थरथरतात, मग नाही. पायांची संवेदना कमी असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची आणि टाचा, माकडहाड बघायचं. लालसर डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल तर तिथे जखम व्हायला सुरुवात झाली आहे.

ऑपरेशन करायचं की नाही

इथे मतं दोन मिळतील आणि दोन्ही बरोबर असू शकतात. टीबी गोळ्यांनीच बरा होतो, आणि पुवाचा दाब असेल तर तोही बऱ्याच मुलांत गोळ्यांनी ओसरतो. म्हणून नुसती थोडी अडखळ असेल तर तीन-चार आठवडे वाट बघतात. सुधारणा नाही, किंवा ताकद घटते आहे, तर ऑपरेशन. आमची ताकद चौथ्या आठवड्यात होती तिथेच थांबलेली, वाईट झाली नव्हती. निर्णय झाला तो दुसऱ्याच कारणाने.

मोठ्या माणसात टीबी बरा झाला की मणका जेवढा खचला तेवढाच राहतो. मुलाचा मणका पुढची दहा-बारा वर्षं वाढायचा असतो. पुढचा भाग टीबीने खाल्लेला, वाढीची कूर्चाही गेलेली. मागचा भाग शाबूत आणि वाढतोय. मग पाठ पुढे वाकत जाते, टीबी कधीच बरा झाला असला तरी. कुणाची वाकेल हे ओळखायला मणक्याचे शल्यवैद्य डॉ. एस. राजशेखरन यांनी साध्या एक्स-रेवरच्या चार खुणा मांडल्या, त्यांना ‘स्पाइन ॲट रिस्क’च्या खुणा म्हणतात: मागचे सांधे एकमेकांपासून सुटलेले दिसणं, खाल्लेला मणका मागे सरकणं, मणके बाजूला सरकणं, आणि वरचा मणका पुढे कलंडणं. यातल्या दोनपेक्षा जास्त असतील तर कुबड पुढे बरंच वाढण्याची शक्यता मोठी. आमच्या एक्स-रेत तीन होत्या. ‘स्पाइन ॲट रिस्कच्या खुणा किती आहेत?’ हा प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तर एक्स-रेवर बोट ठेवून मागा.

सहाव्या आठवड्यात ऑपरेशन झालं. पाठीमागून जाऊन पू आणि मेलेलं हाड काढलं, मज्जारज्जू मोकळा केला, वर-खाली स्क्रू आणि सळ्या, आणि तेवढा भाग जोडून टाकला. जोडलेला भाग पुढे उंची वाढवत नाही, म्हणून लहान मुलात शक्य तितके कमी मणके घेतात. नुसतं पुढून हाड भरून मागची बाजू तशीच सोडली तर मागची वाढ चालूच राहते आणि वाक वाढतो, त्यामुळे मागचा भाग जोडणार का हे विचारा. ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूचे संदेश मोजणारं यंत्र असणार का, हेही. स्क्रू टायटॅनियमचे असतील तर पुढे एमआरआय करता येतो, स्क्रूच्या आसपास थोडं धुरकट येतं इतकंच. त्यांचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लागतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

खर्चाचं बोलायचं तर गोळ्या हा त्यातला सर्वांत लहान भाग, बहुतेक ठिकाणी त्या सरकारी कार्यक्रमातून मोफतच मिळतात. पैसे जातात ते स्क्रू-सळ्यांना, भुलीसकटच्या एमआरआयना आणि पट्ट्याला. आणि घरातल्या एका माणसाचं काम जवळपास पाच महिने बंद राहतं, ते कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं. विमा असेल तर मंजुरीचा अर्ज ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी टाका. त्यात सीबीनॅटचा रिपोर्ट नसेल तर तो परत येतो.

पट्टा, व्यायाम, वजन

पाठीचा पट्टा मापावर बनतो आणि मूल वाढतं. आमचा सातव्या महिन्यात आखूड पडला, दुसरा करावा लागला. आत शिवण नसलेला सुती बनियन, पट्ट्याखाली सुरकुती राहू द्यायची नाही, आणि रोज संध्याकाळी आडवं झोपवून, पट्टा उघडून कातडी बघायची. घरी उभं किंवा बसलेलं असताना पट्टा काढायचा नाही.

फिजिओथेरपी मूल पडून असतानाच सुरू होते. पायांतला ताठरपणा घोट्यात आधी दिसतो. टाच उचललेलीच राहिली तर ताकद परत आल्यावरही पाऊल सपाट टेकत नाही. म्हणून झोपताना पाऊल काटकोनात धरणारी पट्टी आणि दिवसातून चार-पाच वेळा पोटरीचा ताण. मूल रडतं. फिजिओ दाखवतील तेवढंच करायचं, रडतंय म्हणून कमी नाही आणि उत्साहाने जास्तही नाही. आधार धरून उभं राहणं दहाव्या आठवड्यात, एकट्याने चालणं चौथ्या महिन्यात. क्लोनस मात्र सातव्या महिन्यापर्यंत होता, पळायला लागल्यावरही.

वजन दर महिन्याला करा. मूल बरं होतं तसं वजन वाढतं आणि जुना डोस कमी पडतो. हे कुणाच्या नजरेतून सहज निसटतं, कारण सगळं छान चाललेलं असतं. पट्ट्याचं वजन त्यात धरू नका. आम्ही मुलाला पट्टा घालूनच काट्यावर उभं करायचो आणि वेगळ्या मोजलेल्या पट्ट्याचं वजन वजा करायचो. नवव्या महिन्यात १६.२ भरलं आणि गोळ्या तीनच्या चार झाल्या.

अधलेमधले रिपोर्ट बघून हबकू नका. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी गळू मोठं दिसू शकतं, मेलेल्या जंतूंवर शरीर जोरात प्रतिक्रिया देतं म्हणून. मूल खात असेल, वजन वाढत असेल, पायांची ताकद टिकून असेल तर डॉक्टर बहुधा औषध बदलत नाहीत. ताप परत आला, वजन घटलं, तर मात्र औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचा विचार पुन्हा करतात, आणि तेव्हा ते सलाइनच्या बाटलीतलं कल्चर कामाला येतं. एमआरआयमधली हाडाची सूज बरं झाल्यावरही महिनोन् महिने दिसत राहते. सहाव्या महिन्याच्या रिपोर्टात ‘आजार अद्याप सक्रिय’ असं वाक्य होतं. तो रिपोर्ट घेऊन आम्ही एक रात्र काढली, डॉक्टरांनी दोन मिनिटांत जुना शेजारी लावून पू गेलेला आणि मज्जारज्जू मोकळा झालेला दाखवला. एमआरआयच्या सगळ्या सीडी प्रत्येक भेटीला न्या.

गोळ्या संपल्यावर

३७९ व्या दिवशी टीबीची नोंद ‘उपचार पूर्ण’ म्हणून बंद झाली. हाडांची फाइल चालू आहे. ज्यांचं ऑपरेशन होत नाही त्यांच्यासाठी तर हे जास्त महत्त्वाचं. राजशेखरन यांच्या पाहणीत गोळ्यांनी बऱ्या झालेल्या मुलांपैकी जवळपास चाळीस टक्क्यांत वाक वाढीबरोबर वाढत गेला, साधारण तेवढ्याच मुलांत तो आपोआप कमी झाला आणि बाकीच्यांत तसाच राहिला. वाढणाऱ्यांत काही जण असे, की आधी तीन ते सहा वर्षं काहीच झालं नाही आणि मग वाक वाढायला लागला. दोन वर्षं चांगली गेली म्हणून जाणं बंद करणारे नेमके तिथे सापडतात. वाक साठ अंशांच्या पुढे गेला तर बऱ्याच वर्षांनी, टीबीचा जंतूही नसताना, ताणलेल्या मज्जारज्जूमुळे पाय पुन्हा जाऊ शकतात, आणि त्या वेळचं ऑपरेशन आताच्यापेक्षा कितीतरी अवघड.

त्यामुळे दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा, उंची वाढायची थांबेपर्यंत एक्स-रे. उभं राहून, बाजूने, हात पुढे घेऊन, पट्टा काढून, आणि शक्य तर त्याच ठिकाणी, म्हणजे आधीच्या अंशांशी तुलना करता येते. झोपून काढलेल्या एक्स-रेत वाक कमी भरतो. पहिल्या एक्स-रेत आमचा कोन ३४ अंश होता, ऑपरेशननंतर १८, शेवटच्या डोसाच्या आठवड्यात १९. एका अंशाचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचाही असतो. वहीच्या शेवटच्या पानावर तीन आकडे आहेत, त्यांच्याखाली पुढच्या तारखेसाठी रेघ ओढून ठेवली आहे.